उत्तरेकडच्या हिवाळ्यातली मरगळ: ती का येते आणि सकाळच्या उजेडाचा डोस कसा घ्यायचा

२१ डिसेंबरला मुंबईत दिवस सुमारे ११ तासांचा असतो. त्याच तारखेला लंडनमध्ये सूर्य आठनंतर उगवतो आणि चार वाजायच्या आत मावळतो. टोरांटोत दिवस नऊ तासांच्या जरा आत, स्टॉकहोममध्ये सहाच्या आसपास. नॉर्वेतल्या ट्रोम्सोत तर नोव्हेंबरच्या अखेरीपासून जानेवारीच्या मध्यापर्यंत सूर्य क्षितिजावर येतच नाही. पुण्या-नागपुरातून सप्टेंबरात शिकायला किंवा नोकरीला गेलेल्यांचे पहिले दोन महिने घर शोधण्यात आणि नव्या ओळखींत निघून जातात. हिसका बसतो तो नोव्हेंबरच्या मध्यापासून. तेव्हा बहुतेकांना वाटतं, ही घरची आठवण आहे, थंडी आहे, नाहीतर आपलाच आळस. यातलं काहीही असू शकतं. पण दरवर्षी त्याच महिन्यांत तेच होत असेल आणि मार्च-एप्रिलात आपोआप निवळत असेल, तर आधी उजेडाचा हिशोब मांडावा.

हे हिवाळी नैराश्यच आहे का?

एरवीच्या नैराश्यात बऱ्याचदा झोप उडते आणि भूक मरते. इथे उलटं होतं. नऊ-दहा तास झोपूनही उठवत नाही, हातपाय जड वाटतात. भूक वाढते, तीही भात, बटाटा, ब्रेड, बिस्किटं आणि गोडाची, वजन चढतं. दुपारी तीननंतर डोकं चालेनासं होतं. फोन घेववत नाही, चिडचिड होते, कशातच गोडी वाटत नाही. सगळ्यांनाच असं होतं असं नाही. काहींची झोप हिवाळ्यातही कमीच होते.

डॉक्टर हे निदान सहसा पहिल्याच हिवाळ्यात करत नाहीत. सलग किमान दोन वर्षं ठरावीक ऋतूत नैराश्य येणं, ऋतू पालटल्यावर ते पूर्ण जाणं, आणि दरवर्षी त्याच वेळी येणारी परीक्षा किंवा कामाचा ताण यांच्याशी त्याचा संबंध नसणं, एवढं ते पाहतात. पहिल्या वर्षी निदान नसलं तरी खाली दिलेले उजेडाचे उपाय करायला बहुतेकांना हरकत नाही. ‘बहुतेकांना’ का म्हटलं, ते पुढे येईलच.

सौम्य मरगळ आणि आजार यांतली रेघ कामावरून ओढावी. कंटाळत का होईना, कॉलेज, ऑफिस, स्वयंपाक चालू असेल तर महिनाभर स्वतः उपाय करून बघायला वेळ आहे. अंघोळ टळू लागली, सुट्ट्या पडू लागल्या, दोन आठवडे सलग उदासी हटली नाही, तर डॉक्टर गाठा. मरणाचे विचार येत असतील तर उजेडाचा लॅम्प (त्याबद्दल पुढे) मागवून त्याची वाट पाहत बसू नका. ब्रिटनमध्ये समॅरिटन्स या मदतवाहिनीचा नंबर ११६ १२३, अमेरिका आणि कॅनडात ९८८, युरोपीय संघातल्या देशांत आणीबाणीसाठी ११२, भारतात टेली-मानसचा १४४१६.

रक्ततपासणीही एकदा करून घ्यावी: थायरॉइड, हिमोग्लोबिन, बी-१२. शाकाहारी घरांत बी-१२ कमी असणं नेहमीचं आहे, आणि त्याचा थकवा हिवाळ्याच्या नावावर सहज खपून जातो. पुण्यात किंवा नाशकात बसलेल्या कोणाला डिसेंबरात उदास वाटत असेल, तर तिथे अकरा तासांचा लख्ख दिवस आहे. उजेडाला दोष देण्यापूर्वी इतर कारणं शोधलेली बरी.

का होतं, आणि काहींनाच का?

या आजाराचं पहिलं सविस्तर वर्णन १९८४ मध्ये नॉर्मन रोझेन्थाल आणि अमेरिकेच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेतल्या त्यांच्या सहकाऱ्यांनी छापलं. रोझेन्थाल स्वतः दक्षिण आफ्रिकेतल्या जोहान्सबर्गहून न्यूयॉर्कला आलेले, म्हणजे भरपूर उन्हाच्या गावातून उत्तरेला गेलेला हा माणूस. त्याआधी १९८० मध्ये आल्फ्रेड लुई यांनी दाखवून दिलं होतं की पुरेसा प्रखर उजेड डोळ्यांवर पडला तर माणसाच्या रक्तातलं मेलाटोनिन, म्हणजे शरीराला रात्र झाल्याचं सांगणारं संप्रेरक, खाली येतं. घरातल्या साध्या दिव्याने तसं होत नव्हतं, लागला होता २५०० लक्सचा प्रकाश (लक्स म्हणजे एखाद्या जागी पडणाऱ्या उजेडाचं माप).

डोळ्याच्या पडद्यात बघण्याच्या पेशींखेरीज आणखी एका जातीच्या पेशी असतात. त्यांच्यातलं मेलानॉप्सिन हे रंगद्रव्य निळसर प्रकाशाला, साधारण ४८० नॅनोमीटरच्या आसपास, सर्वांत जास्त प्रतिसाद देतं. या पेशी झोप-जागेची वेळ ठरवणाऱ्या मेंदूतल्या मुख्य घड्याळाला ‘दिवस उजाडला’ एवढाच निरोप पाठवतात. हे घड्याळ बहुतेकांचं २४ तासांपेक्षा किंचित लांब चालतं, त्यामुळे रोज सकाळी त्याला थोडं पुढे ओढावं लागतं, आणि ते काम उजेड करतो. हिवाळ्यात गजर सातचा, सूर्य आठचा, बसमध्ये अंधार, ऑफिसात ३०० ते ५०० लक्स. निरोप पोचत नाही आणि घड्याळ मागे पडत जातं. साडेनऊच्या मीटिंगला तुम्ही खुर्चीत असता, पण शरीरात अजून रात्र चालू असते.

घड्याळ मागे पडणं हे एकच कारण नव्हे. टॉमस वेअर यांच्या गटाने २००१ मध्ये दाखवलं की हिवाळी नैराश्य असलेल्यांच्या शरीरात रात्रीच्या मेलाटोनिनचा काळ हिवाळ्यात लांबतो आणि उन्हाळ्यात आखडतो. निरोगी लोकांत हा फरक दिसला नाही. कोपनहेगनमधल्या संशोधकांना मेंदूच्या स्कॅनमध्ये आढळलं की अशा रुग्णांत सेरोटोनिन (मनःस्थितीशी संबंध असलेलं मेंदूतलं रसायन) परत शोषून घेणारी प्रथिनं हिवाळ्यात वाढतात.

पुरुषांपेक्षा बायकांना हा त्रास जास्त होतो, तरुण वयात सुरू होतो आणि घराण्यात चालतो. नुसत्या अक्षांशाने मात्र सगळं उलगडत नाही. आइसलँड इतक्या उत्तरेला असूनही तिथलं प्रमाण अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यापेक्षा कमी निघालं, आणि कॅनडातल्या मॅनिटोबात पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या आइसलँडी वंशाच्या लोकांतही ते आजूबाजूच्यांपेक्षा कमी होतं. पिढ्यान्‌पिढ्या झालेली नैसर्गिक निवड यामागे असावी, असा तर्क आहे. विसाव्या अक्षांशावरून थेट पंचावन्नाव्यावर गेलेल्यांना तो आधार नाही, म्हणून तयारी करूनच हिवाळ्यात शिरावं.

लॅम्प विकत घेताना

बाजारात ‘सॅड लॅम्प’ (‘सॅड’ हे हिवाळी नैराश्याच्या इंग्रजी नावाचं लघुरूप), ‘हॅपी लाइट’ अशा नावांनी शेकडो दिवे मिळतात. खोक्यावर सगळ्यांच्याच ‘१०,००० लक्स’ लिहिलेलं असतं. हा आकडा किती अंतरावरचा आहे, हे बारीक अक्षरांत शोधा. पुस्तकाएवढे छोटे लॅम्प दहा-पंधरा सेंटिमीटरवर १०,००० लक्स देतात. म्हणजे नाक लावून बसलात तरच. अंतर दुप्पट केलं की उजेड चौथाईच्या आसपास येतो. पैसे वाया जातात ते मुख्यतः इथे. ३० सेंटिमीटर किंवा त्याहून जास्त अंतरावर १०,००० लक्स देणारा, साधारण ३० बाय ४० सेंटिमीटर पृष्ठभागाचा लॅम्प घ्या. पृष्ठभाग मोठा असला की मान जरा हलली तरी डोस बुडत नाही आणि डोळ्यांना खुपत नाही.

प्रकाश पांढरा हवा, समोर दुधी काच किंवा प्लॅस्टिक हवं, आणि अतिनील किरण गाळलेले असल्याचं स्पष्ट लिहिलेलं हवं. नुसते निळे दिवे घेऊ नका. पांढऱ्यापेक्षा ते सरस असल्याचं सिद्ध झालेलं नाही आणि डोळ्यांना त्रासदायक ठरतात. टॅनिंगची यंत्रं हा पर्याय मुळीच नाही. तिथे डोळे झाकलेले असतात आणि कातडीला मिळतात ते नको असलेले किरण. ब्रिटनमध्ये सरकारी आरोग्यसेवा सहसा लॅम्प देत नाही, तो स्वतःच घ्यावा लागतो.

घेतल्यावर मोजून पाहायचं असेल तर फोनवर लक्स मोजणारं ॲप टाका, फोन डोळ्यांच्या जागी धरा आणि त्याचा सेन्सर लॅम्पकडे करा. आकडा अदमासेच असतो, पण १०,००० च्या जागी २००० येतात की काय, एवढं नक्की कळतं.

डोस

१०,००० लक्सला ३० मिनिटं. ५००० मिळत असतील तर एक तास, २५०० असतील तर दोन तास. वेळ सकाळची: उठल्यापासून तासाभराच्या आत, जितकं लवकर तितकं चांगलं.

लॅम्प टेबलावर, डोळ्यांच्या रेषेपेक्षा थोडा वर, किंचित खाली झुकवून ठेवा. अगदी नाकासमोर नसला तरी चालतो, जरा डाव्या-उजव्या बाजूला असावा. उजेड मात्र दोन्ही डोळ्यांत शिरला पाहिजे. लॅम्पकडे टक लावून बघायचं नाही. डोळे उघडे ठेवून चहा प्या, पोहे खा, मेल वाचा. भारतातल्या टीमबरोबर काम करणाऱ्यांना एक सोय आहे: लंडनचे हिवाळ्यातले साडेसात म्हणजे भारतातला दुपारचा एक, त्यामुळे सकाळची मीटिंग आणि लॅम्प एकाच वेळी उरकतात. अंघोळ, पूजा, डबा भरणं ही कामं लॅम्प लावून करण्यात अर्थ नाही. खोलीत फिरणाऱ्या माणसाच्या डोळ्यांपर्यंत पुरेसा उजेड पोचत नाही.

साधा नंबराचा चष्मा चालतो. गडद काचा नकोत, आणि ब्लू-कट (निळा प्रकाश गाळणाऱ्या) काचा नेमका हवा तोच रंग थोडा अडवतात, म्हणून त्या अर्ध्या तासापुरता जुना नितळ काचेचा चष्मा घाला.

पहिले तीन-चार दिवस १५ मिनिटंच बसा आणि मग वाढवा. फरक काहींना चार-पाच दिवसांत जाणवतो, पण निवाडा दोन आठवड्यांआधी करू नका. बरं वाटलं म्हणून थांबवलंत तर थोड्याच दिवसांत मरगळ परत येते. हा उपाय ऋतूभर चालवायचा असतो. मराठी घराला लक्षात ठेवायला सोपं म्हणजे घटस्थापनेला लॅम्प बाहेर काढायचा आणि गुढीपाडव्याला उचलून ठेवायचा. युरोपात घड्याळं ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी मागे जातात, तोवर सवय लागलेली असते.

एक वही ठेवा. रोज तीनच नोंदी: किती वाजता झोपलो आणि उठलो, लॅम्प किती ते किती, मन दहापैकी किती. पुढे डॉक्टरकडे जायची वेळ आली तर तासाभराच्या बोलण्यापेक्षा ही वही जास्त सांगते.

काय बिघडतं

सर्वांत मोठा घात शनिवार-रविवार करतात. पाच दिवस सातला लॅम्प आणि सुट्टीला अकरापर्यंत झोप, की आठवडाभर पुढे ओढलेलं घड्याळ दोन दिवसांत परत मागे. सुट्टीच्या दिवशी फार तर तासभर उशीर चालेल.

संध्याकाळी लॅम्प लावणं ही दुसरी गोष्ट. दिवसभर वेळ झाला नाही म्हणून रात्री आठला बसलात तर घड्याळ आणखी मागे सरकतं, एक-दोनपर्यंत झोप येत नाही आणि सकाळ अधिकच अवघड होते. चुकलेला डोस दुपारी बारा-एकपर्यंत घ्या, नाहीतर त्या दिवशी सोडून द्या.

लॅम्प सुरू केल्यावर संध्याकाळी आठलाच पेंग येऊन पहाटे तीन-चारला जाग येऊ लागली, तर घड्याळ गरजेपेक्षा जास्त पुढे गेलं आहे. लॅम्पची वेळ अर्धा-पाऊण तास उशिरा न्या किंवा मिनिटं कमी करा. डोकं दुखणं, डोळे चुरचुरणं, मळमळ, अंगात धडधड अशी सुरुवात झाली तर लॅम्प थोडा लांब सरकवा किंवा १५ मिनिटांवर या. बहुतेकांचा त्रास आठवड्यात थांबतो. दोन आठवडे नेमाने करूनही काहीच फरक नसेल, तर अंतर मोजा, वेळ आणखी लवकर करून पाहा, मिनिटं ४५ करा. त्यानंतरही तसंच राहिलं तर हा उपाय तुमच्यासाठी नव्हे. पुढची वाट धरा.

ज्यांना उठणंच जमत नाही त्यांच्यासाठी पहाटेचा भास देणारे गजर मिळतात. उठण्याच्या अर्धा ते दीड तास आधीपासून ते हळूहळू उजळत जातात. ते लॅम्पची जागा पूर्णपणे घेत नाहीत, पण दोन्ही मिळून चांगलं काम करतात.

कोणी आधी विचारायचं

बायपोलर आजार (मन कधी खोल उदासीत, कधी टोकाच्या उत्साहात जाणं) स्वतःला असेल किंवा घरात कोणाला असेल तर मानसोपचारतज्ज्ञांना विचारल्याशिवाय लॅम्प लावू नका. सकाळच्या प्रखर उजेडाने मन उलट्या टोकाला जाऊ शकतं: झोप न लागताही दमणूक नाही, बोलण्याला खंड नाही, खर्चाला धरबंध नाही. असं दिसलं की लॅम्प ताबडतोब बंद. अशा रुग्णांत दुपारच्या वेळी, कमी मिनिटांपासून सुरू करून उजेड दिला जातो, पण तो डॉक्टरांच्या देखरेखीखाली.

मधुमेहामुळे डोळ्याच्या पडद्यावर परिणाम झालेले, मॅक्युलाचा (पडद्याच्या मधल्या भागाचा) विकार असलेले, डोळ्यांचं ऑपरेशन नुकतंच झालेले यांनी नेत्रतज्ज्ञांना विचारावं. काही औषधांनी उजेडाची संवेदनशीलता वाढते: डॉक्सिसायक्लिन, मुरुमांसाठीचं आयसोट्रेटिनॉइन, अमिओडारोन, क्लोरप्रोमाझिनसारखी जुनी औषधं, आणि ‘सेंट जॉन्स वर्ट’ ही युरोपात दुकानात सहज मिळणारी वनस्पती. तिचं इतर गोळ्यांशीही फार वाकडं आहे. गर्भनिरोधक गोळ्यांचा परिणाम ती कमी करते आणि नैराश्यावरच्या गोळ्यांबरोबर घेणं धोक्याचं आहे. औषधं चालू असतील तर फार्मसिस्टला यादी दाखवा.

बाहेरचा उजेड

ढगाळ डिसेंबरातली दुपारसुद्धा उघड्यावर काही हजार लक्स देते. खिडकीपासून दोन-तीन मीटर आत आलं की ते काही शेवर उतरतं. म्हणून जेवणाच्या सुट्टीत अर्धा तास बाहेर चालणं हा लॅम्पचा सख्खा भाऊच समजा, वर व्यायाम फुकट. गॉगल नको; टोपी चालेल, पण कड कपाळाच्या वर. टेबल खिडकीला चिकटवून आणि तोंड खिडकीकडे करून बसा. नॉर्वेतल्या र्‍युकान या दरीतल्या गावात सप्टेंबर ते मार्च डोंगराआड सूर्य दिसत नाही. तिथे २०१३ मध्ये डोंगरावर तीन मोठे आरसे बसवून चौकात ऊन पाडलं. उजेडासाठी लोक कुठवर जातात, याचा हा नमुना.

बाळंतपणासाठी किंवा नातवंडांना सांभाळायला हिवाळ्यात येणाऱ्या आईवडिलांकडे विशेष लक्ष द्या. ते घसरण्याच्या भीतीने बाहेर पडत नाहीत, गाडी चालवत नाहीत, आणि पडदे ओढलेल्या घरात दिवस काढतात. अकरा ते एकच्या दरम्यान त्यांना रोज वीस मिनिटं तरी बाहेर काढा. बर्फात पकड घेणारे तळ बुटांना लावून मिळतात, ते घेऊन ठेवा.

रात्रीचा भागही थोडा सावरावा लागतो. नऊनंतर छतावरचे पांढरे दिवे बंद करून पिवळसर, बुटका दिवा लावा. फोन अंथरुणात नको. भारतातल्या घरी बोलायचं तर लंडनच्या सकाळी बोला, रात्री अकराला नाही. तेव्हा तिकडे पहाटेचे साडेचार असतात आणि इकडे तुमची झोप जाते.

ड जीवनसत्त्वाचा गोंधळ

लॅम्पमधून ड जीवनसत्त्व मिळत नाही, कारण त्यासाठी लागणारे अतिनील किरण गाळलेले असतात. उलट, ड जीवनसत्त्वाच्या गोळ्यांनी हिवाळी नैराश्य जातं याचा भक्कम पुरावा नाही. तरी हाडांसाठी ते घ्यावंच. ब्रिटनमध्ये ऑक्टोबर ते मार्च रोज १० मायक्रोग्रॅम, म्हणजे ४०० युनिट, असा सल्ला आहे, आणि सावळ्या-काळ्या वर्णाच्या लोकांनी वर्षभर घेण्याचा विचार करावा असं सांगितलं जातं. भारतातून आणलेल्या ६०,००० युनिटच्या पुड्या अंदाजाने खात बसू नका. त्या कमतरता सिद्ध झाल्यावर ठरावीक आठवडे घ्यायच्या असतात. जास्त झालं तर रक्तातलं कॅल्शियम वाढतं.

लॅम्पने भागलं नाही तर

बोलण्याचा उपचार इथे चांगला लागू पडतो. व्हर्मॉंट विद्यापीठातल्या केली रोहान यांनी हिवाळी नैराश्यासाठी सहा आठवड्यांत बारा बैठकांचा खास कार्यक्रम बसवला. त्या हिवाळ्यात त्याचा गुण लॅम्पइतकाच आला, पण दोन हिवाळ्यांनंतर पाहिलं तेव्हा लॅम्पवाल्यांपेक्षा या गटात आजार कमी उलटलेला होता. त्यात ‘हिवाळा म्हणजे कोंडवाडा’ असे विचार तपासतात आणि अंधारातही करण्याजोग्या, आवडीच्या गोष्टी आधीच वेळापत्रकात टाकतात. स्वतः करायचं असेल तर आठवड्यातल्या दोन संध्याकाळी दुसऱ्या माणसाबरोबर बांधून ठेवा: बॅडमिंटन, मंडळातल्या नाटकाची तालीम, कोणाकडे भाकरी-पिठलं. एकट्याने ठरवलेला बेत नोव्हेंबरात टिकत नाही. इंग्लंडमध्ये सरकारी टॉकिंग थेरपीजसाठी डॉक्टरांच्या चिठ्ठीविना स्वतः नाव नोंदवता येतं. रांग असते, म्हणून ऑगस्ट-सप्टेंबरात नोंदवा.

औषधांचं म्हणाल, तर २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कॅनडातल्या चाचणीत फ्लुओक्सेटिन ही नैराश्यावरची गोळी २० मिलिग्रॅम आणि १०,००० लक्सचा लॅम्प यांचा गुण सारखाच आला; लॅम्पचा जरा लवकर दिसला. त्याच वर्षी अमेरिकेत नैराश्यावरच्याच ब्युप्रोपिऑन या औषधाच्या, शरीरात हळूहळू सुटणाऱ्या गोळीला हिवाळी नैराश्य येऊच नये म्हणून वापरायची मंजुरी मिळाली. ती लक्षणं दिसण्याआधी, शरदात सुरू करतात आणि वसंतात कमी करत थांबवतात. ज्यांना कधी फिट आल्या आहेत त्यांना ती देत नाहीत. कोणतीही गोळी मार्चमध्ये ऊन पडलं म्हणून एका दिवसात बंद करू नका. डॉक्टरांकडून उतरता डोस लिहून घ्या.